वानरांची परवानगी

२०७१ साली नागझिऱ्याच्या जंगलात जायचं, तर तिथल्या वानरांनाच यंत्रातून विचारावं लागे. गोंदियाच्या बोपचे कुटुंबाला दोनदा नकार आला होता.

“गाडीला राहायचा ट्रेलर जोडून येतो, चार दिवस राहतो!” हेमराज यंत्रावर ओरडला.

“हळू बोला ना जी! म्हणूनच नाही म्हणतात ते,” बायको योगिता म्हणाली.

हेमराजची नव्वदीतली आई सत्यशीलाबाई वनरक्षकाची लेक. डोळे मिटण्याआधी तिला ते जंगल पाहायचं होतं. तिने मुलाला बाजूला सारलं आणि वडिलांच्या चौकीवर शिकलेली वानरांची खुशालीची हाक दिली, “हूप!”

यंत्र बोललं, “या. पण ट्रेलर मोहाखाली लावू नका. तिथं आम्ही जेवतो.”

हेमराज पुढे हळू बोलायला शिकला. योगिता ट्रेलर जोडलेली गाडी चालवायला शिकली. सत्यशीलाबाई शंभरीपर्यंत दर उन्हाळ्यात गेली. मोहाची फुलं गळू लागली, की वानरंच विचारत, “म्हातारी कधी येते?”