सल्लागाराचं नाव

आलोकच्या पत्राला शरच्चंद्रांनी सतरा दिवस उत्तर दिलं नव्हतं. ‘काकाजी, तुमच्या चिठ्ठ्यांनी टीम उभी केली. फायनलला भोपाळला चला, सल्लागार म्हणून. हो म्हणून लिहा, यादीत नाव टाकतो.’ समोर विचारलं की काकाजी पळ काढत, म्हणून त्याने पत्रच टाकलं होतं.

आलोक मुलींच्या बेसबॉल संघाचा कोच. गेल्या वर्षी संघ एकही सामना जिंकला नव्हता; यंदा ओळीने सहा जिंकला. ‘संथ चेंडू टाकताना चिन्मयीचं कोपर खाली येतं, समोरच्या बॅटरला आधीच कळतं.’ ‘मेघनाचा पुढचा पाय घाईने पडतो, म्हणून फटक्यात जोर नाही.’ असल्या चिठ्ठ्या शरच्चंद्र सकाळी कोचच्या हातात ठेवत आणि न बोलता परत फिरत. निवृत्त ग्रंथपाल ते. चेंडू आयुष्यात कधी फेकला नव्हता. मैदान घरामागेच. सराव चाले तेव्हा नवरा-बायको गच्चीवर असत. ते पुस्तक घेऊन, अनसूयाबाई मटार सोलत.

“उत्तर काहून देऊन नाही राहिले?” अनसूयाबाई रोज विचारत.

“देतो गं. लोक हसतील.”

“हसू द्या ना!”

शनिवारी बडा फुहाऱ्याच्या बाजारात भाजी घेताना आलोकच समोर आला.

“काकाजी, यादी पुढच्या आठवड्यात जाऊन राहिली! काकूजी, तुम्हीच समजवा ना यांना.”

“मी तर रोज समजावून राहिले, भैया.”

“अच्छा, तुम्हीपण चला भोपाळला. पोरींसाठी चिवडा तेवढा आणा, बस!” आलोक हसला. शरच्चंद्रही हसले.

घर येईपर्यंत अनसूयाबाई चार पावलं पुढेच चालत राहिल्या. आत शिरताच त्यांनी पिशवी ओट्यावर आदळली. टमाटर घरभर घरंगळले.

“हसलात तुम्ही!”

“अगं, तो गमतीनं...”

“त्याला काय माहीत? तुम्हाला माहीत आहे ना! पन्नास वर्षं असेच मान खाली घालून हसून राहिले.”

“मला भीती वाटते, अनू.”

“भीती नाही ती. सोय आहे तुमची! आज उत्तर गेलं नाही तर चिठ्ठ्या बंद. टीम हरली तर हरू दे!”

शरच्चंद्र टेबलाशी बसले. चार कागद फाडले. पाचव्यावर पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं. राग कोणाचा आला होता, हे त्यांना नीट ठाऊक होतं. सहावा कागद पाकिटात घालून ते चपला अडकवून निघाले आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी ते टाकलं.

‘चि. आलोक, यादीत नाव अनसूयाचं टाक. कॉलेजात ती सॉफ्टबॉलची पिचर होती. लग्नानंतर खेळ मी सोडायला लावला. चिठ्ठ्या तिने सांगितल्या. अक्षर तेवढं माझं.’