नीळकंठरावांचा चेंडू

शेवटच्या होलवर आपण चेंडू मुद्दाम चुकवायचा, हे सुलभाने झेंड्यापाशी पोचायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

भोपाळच्या मराठी मंडळाची ही रविवारची गोल्फ लीग म्हणजे खेळ कमी आणि पोहे जास्त. चौघांची टीम. चौघांनी एकाच जागेवरून मारायचं, ज्याचा चेंडू बरा पडेल तिथून पुन्हा चौघांनी. एकाचा खड्ड्यात गेला की टीमचा गेला, त्यामुळे नवख्यांचंही निभावून जायचं. शिवाय मंडळाचा एक खास घरचा नियम होता. हंगामात कुणी गैरहजर असलं, तर त्याचा चेंडू बाकीच्यांपैकी एकाने मारायचा, त्याच्याच काठीने, आधी त्याचं नाव घेऊन. कुणी गावाला गेलं, कुणाला ताप आला, अशांसाठी केलेला नियम. दिवाळीनंतर नीळकंठराव वारले, तेव्हा 'आता पुरे' म्हणायला कुणाचीच जीभ रेटली नाही, आणि नियम तसाच चालू राहिला.

नीळकंठराव डावखुरे, त्यांच्या काठ्याही तशाच. टीममधल्या मंदारला त्या धरता येईनात, सुलभाला धरवेनात. उरला तिचा नवरा श्रीकांत. बरखेड्यात वर्षानुवर्षं नीळकंठरावांचा शेजारी, आणि जन्माचा उजवा. पहिल्या रविवारी त्याने नुसतीच हवा कापली, तेव्हा नीळकंठरावांच्या पत्नी, वसुधाताई, त्यासुद्धा हसल्या होत्या. काठ्यांची पिशवी दर रविवारी त्याच घेऊन यायच्या. मग चेंडू लागायला लागला. मग सरळ जायला लागला. आज तर श्रीकांतचा स्वतःचा एक चेंडू धड गेला नव्हता आणि नीळकंठरावांचा एकही वाकडा गेला नव्हता.

एवढ्यावर सुलभा घाबरली नसती. पण गुरुवारी श्रीकांतने डाव्या हाताने दाढी केली. बिट्टन मार्केटात उभं राहून, नीळकंठराव निवडायचे तशी, कारली निवडली. ज्या माणसाला ताटात कारलं नुसतं दिसलेलं चालत नाही, त्याने! आणि तो आपल्याला 'सुलू' म्हणायचा कधी थांबला, ते तिला आठवून आठवून आठवेना.

या फटक्यात कुणाचाही चेंडू आत गेला तर जिंकलो, पुढच्या रविवारी फायनल, म्हणजे पुन्हा ती पिशवी. हरलो तर हंगाम संपला, टीममधून नीळकंठरावांचं नाव निघालं, सुटलो.

चेंडू खड्ड्यापासून थोड्याच पावलांवर होता. तळ्यावरचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. आधी मंदारने मारला. टी. टी. नगरच्या ऑफिसात फायली ढकलणारा हा पोरगा चेंडूही तसाच ढकलायचा. चेंडू खड्ड्याच्या पुढे निघून गेला.

सुलभा वाकली. अशा वेळी नीळकंठराव हटकून मागून म्हणायचे, "नेम चांगला आहे वहिनी, फक्त खड्डा चुकतो." दर वेळी तिला राग यायचा आणि दर वेळी हसू यायचं. आज मागे कुणी नव्हतं. तिने जपून, अगदी बोटभर बाजूने चेंडू जाऊ दिला.

"अरे काकू! सीधा तो था!" मंदारने कपाळावर हात मारला.

श्रीकांतचा चेंडू अर्ध्यातच थांबला. दुसऱ्याची वस्तू हाताळावी तशी त्याने स्वतःची काठी धरली होती.

"झालं, हरलो," सुलभा घाईघाईने म्हणाली. "चला, पोहे गार होतायत."

"अहो सुलभाताई, ह्यांचा राहिलाय ना," वसुधाताई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून काठी काढलीसुद्धा होती.

श्रीकांतने ती घेतली आणि वळसा घालून तो चेंडूच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे सैल पडले. सकाळपासून पहिल्यांदाच तो आरामात दिसत होता.

"काका, नाव?" मंदारने आठवण केली.

"कशाला?" श्रीकांत म्हणाला, आणि त्याने मारला.

चेंडू सावकाश गेला आणि खड्ड्याच्या काठावर थबकला. वारा नव्हता. सुलभा मनातल्या मनात देवाला हात जोडत होती. तेवढ्यात चेंडू आत पडला.

"क्या बात है काका! फायनल!" मंदार ओरडत पोह्यांकडे पळाला.

वसुधाताईंनी टाळी वाजवली नाही. त्यांनी काठी घेतली, पदराने पुसली आणि हलक्या आवाजात श्रीकांतला विचारलं, "दमलात?"

तो नुसता हसला. पिशवी डाव्या खांद्याला लावून गाड्यांकडे निघाला. सुलभा मागोमाग गेली. वसुधाताईंच्या पांढऱ्या गाडीत पिशवी ठेवून देणं हे तर दर रविवारचंच होतं. त्याने डिकी उघडली, पिशवी ठेवली, डिकी लावली. मग पुढे जाऊन तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. वसुधाताई शेजारी बसल्या आणि त्यांनी पट्टा लावला.

"अहो! अहो, कुठे निघालात?" सुलभाने धावत जाऊन काचेवर थाप मारली.

काच खाली झाली. त्याने तिच्याकडे पाहिलं. मित्राच्या बायकोकडे पाहावं तसं, आदबीने, थोडं मिश्कील.

"नेम चांगला होता वहिनी," तो म्हणाला. "खड्डा मुद्दाम चुकवलात."