मंगळवारच्या नोंदी

सर्व्हरची वायर कोणी ओढली असती, तर नोंदी मध्येच तुटल्या असत्या. त्या तुटल्या नव्हत्या.

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतला तो संगणकवाला पडद्याकडे बघतच राहिला. सर्व्हर सुरू व्हायला इतका वेळ का घेतो, एवढंच पाहायला तो बसला होता. लिनक्सला, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, बोलायची भारी हौस. सुरू होताना, बंद होताना काय काय केलं ते ओळीओळीने लिहून ठेवतं; वाचायची तसदी मात्र कोणी घेत नाही. त्याने ते संदेश उघडले आणि चाळता चाळता गेल्या मंगळवारपर्यंत मागे गेला.

त्या दिवशी भर दुपारी सर्व्हर बंद पडला होता. चालू तपासण्या वाया गेल्या, साठ जणांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. तो धावत आत गेला, तेव्हा सफाईवाल्या मावशी तिथली फरशी पुसत होत्या. "वायर ओढलीत ना?" त्याने विचारलं. विचारलं कसलं, ठरवूनच टाकलं. मावशींनी मान खाली घातली. साहेबांनी त्यांना आठवडाभरात काम सोडायला सांगितलं, आणि तो आठवडा आज संपत होता.

नोंदींत मात्र सर्व्हर अगदी शिस्तीत निजला होता. एकेक काम आवरलं, डिस्क सोडल्या, मग बंद. त्याच्या आधीच्या ओळीत हुकूम होता: पुन्हा सुरू हो. हुकमापुढे त्याचंच नाव.

आता त्याला आठवलं. त्या दुपारी पडद्यावर हुकूम टाइप करायच्या दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. सरावाचं मशीन समजून त्याने भलत्याच खिडकीत टाइप केलं होतं. त्याचे कान तापले. दहा वर्षं या कामात काढली, आणि खापर फोडायला त्याला फरशी पुसणारी बाईच सापडली. हे वाचायला दोन मिनिटं लागली असती. आठवडाभर त्याने ती काढली नव्हती.

कागद छापून तो साहेबांच्या खोलीकडे निघाला. दाराबाहेर मावशी ओळखपत्र परत द्यायला उभ्या होत्या.

"मावशी, ते माझ्या हातून झालं. हे बघा, माझं नाव आहे इथे."

मावशींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तुमच्या घरी तान्हं लेकरू आहे, दादा. माझ्यापायी खोटं लिहून आणू नका. बादलीचा धक्का माझाच लागला असणार. तुम्ही शिकलेली माणसं, उगाच थोडंच म्हणाल?"

त्यांनी कागदाचे चार तुकडे केले, त्याच्याच खिशात कोंबले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याला हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच एवढी लाज वाटली, की मावशींना हाताला धरून तो दारावर टकटक न करताच आत शिरला.