मुका आर्को

बीटाच्या शेतातून ससा उठला आणि बांधापलीकडे दिसेनासा झाला. हाइकेनं आर्कोचा पट्टा सोडला. शिकारी कुत्र्याची खरी परीक्षा इथेच असते. ससा दिसत नसताना नुसत्या वासावर धावायचं, आणि धावताना भुंकत राहायचं. आर्कोनं वास धरला, एकदा मागं वळून हाइकेकडे पाहिलं आणि एकही वळण न चुकवता, तोंड मिटून सुसाट गेला.

"नाक लाखात एक आहे," परीक्षक ओल्टमन्स म्हणाले, "पण कुत्रा मुका आहे. मुक्याला पैदाशीचा दाखला नाही."

"साहेब, याच्या पणजीपासूनची कुत्री आमच्या घरातली. वंश इथेच खुंटेल."

"जे कानांवर पडतं तेच मी लिहितो."

"अहो, घरी दिवसभर भुंकायचा तो."

"सगळे मालक हेच सांगतात. ऐकलंय कुणी?"

हाइकेनं पट्टा हाताला करकचून गुंडाळला. "तुम्हीच ऐकलंय की, काका. वर्षभर कुंपणापलीकडून मला सुनावत होतात, त्याचं तोंड बंद कर म्हणून. घ्या, केलं बंद."