ग्रामस्थाचा जबाब

“आपल्या अर्जात तथ्य आढळले नाही.” आमदारांच्या सोलापूरच्या कार्यालयात सिद्धेश्वरी उभ्यानंच पत्र वाचत होती. “गावचे आरोग्य उपकेंद्र नियमित सुरू आहे. तसा ग्रामस्थाचा जबाब घेण्यात आला आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.” खाली आमदारांची सही होती.

त्यांचा स्वीय सहायक मायाप्पा चहा पीत ऐकत होता. तिनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. उपकेंद्राचं दार, दाराला गंजलेलं कुलूप. सकाळी निघतानाच तिनं फोटो काढला होता.

चार महिन्यांपूर्वी कळा सुरू झाल्यावर ती त्याच दारात जाऊन बसली होती. नर्स नव्हती. मंद्रूपच्या दवाखान्यात नेताना ती जीपमध्येच बाळंत झाली. मुलगी रडलीच नाही.

आठवड्यानं आमदार स्वतः घरी आले. जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, “अर्ज लिही, पोरी. महिन्याच्या आत नर्स बसवतो. न्हाय बसवली तर ही आमदारकी काय कामाची?” अंगात ताप असताना तिनं दोन पानं लिहिली. नवरा गुरुराज स्वतः इथं येऊन ती देऊन गेला.

“साहेबांनी उद्घाटन केलेलं उपकेंद्र हाय ते,” मायाप्पा म्हणाला. “बंद हाय म्हणून कसं लिहायचं?”

“मग हे खोटं कुणी लिहून दिलं? नाव सांगा. त्याच्या दारात जाऊन विचारते.”

“जाऊ द्या की, ताई.”

“न्हाय. नाव कळल्याबिगर मी हितनं हलणार न्हाय.”

मायाप्पानं कपाटातून फाइल काढली आणि उघडून तिच्यापुढं सरकवली. पाच ओळींचा जबाब. उपकेंद्र रोज उघडे असते, नर्स हजर असते, आमची काही तक्रार नाही. अक्षर तिनं बघताक्षणी ओळखलं. सही वाचायची गरज उरली नव्हती, तरी तिनं ती वाचली.

गुरुराज.

गेल्याच महिन्यात तो चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात कायम झाला होता. त्या दिवशी सिद्धेश्वरीनंच देवापुढं नारळ फोडला होता.

मायाप्पानं फाइल मिटली. लहान पोराची समजूत काढावी तसा तो हळू आवाजात म्हणाला, “तुमच्या घरातनं एकाच दिवशी दोन अर्ज आले होते, ताई. दोन्ही कसे मंजूर होतील?”