उजवीकडची जागा

कुंडलला दिवंगत सुभेदारांच्या अंगणात दोन छायाचित्रकार मिळून एकच चित्र घडवत होते. झटपट उमटणाऱ्या फिल्मच्या एकाच तुकड्यावर दोघांनी आळीपाळीने, एकावर एक टिपायचे. पहिल्याने बाकाच्या पाठीला उजवीकडे अडकवलेला सुभेदारांचा कोट टिपला. दुसऱ्याने कोट काढून सुभेदारीणबाईंना बसवले. “आजी, मधोमध बसा.” “आन् ह्यांना कुठं बसवू, तुझ्या मांडीवर?” त्या ठामपणे डावीकडे सरकल्या. फोटो उमटला, तेव्हा त्यांच्या शेजारी कोट ऐटीत बसला होता. सुभेदारांची हयात सरहद्दीवर गेली. नवराबायकोचा एकत्र फोटो कधी निघालाच नव्हता. “ह्याची प्रत निघत नाही. ठेवता, की साताऱ्याच्या प्रदर्शनाला देता?” दुसऱ्याने विचारले. त्यांनी फोटो पदराखाली घट्ट धरला. मग रिकाम्या घराकडे पाहिले. “न्या. इथं दावू कुणाला? तिथं चारचौघं तरी आमाला जोडीनं बघतील.” छायाचित्रकारांची गाडी गेली, तरी दिवेलागणीलाही त्या बाकावर तशाच, उजवीकडची जागा सोडून बसल्या होत्या.