सत्यमचा करदोडा

पिशवी सकाळी होती तेवढीच भरलेली होती. मंजुषाने ती उजेडात धरली, हलवून पाहिली. औषधं आणायला ती क्रांती चौकात गेली होती. गारखेड्याला घरी परत येईपर्यंत बराच वेळ गेला होता. तेवढ्या वेळात पिशवीत थेंबभरही लघवी उतरली नव्हती. चार वर्षांचा सत्यम गादीवर पाय आखडून कण्हत होता.

"मम्मी, शू लागली."

लघवीची वाट नीट जागेवर आणायचं हे त्याचं दुसरं ऑपरेशन. पहिल्या वेळी लघवीसाठी बसवलेली नळी तुंबली, पट्टी ओली झाली, टाके उसवले आणि खालच्या बाजूला बारीक भोक राहून गेलं. या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, नळी दबू द्यायची नाही, ओढू द्यायची नाही. परत भोक पडलं तर पुढचं सगळंच अवघड होऊन बसेल. मंजुषाने हे घरात इतक्यांदा सांगितलं होतं की आता कुणी नीट ऐकतही नव्हतं.

तिने सदरा वर केला. कमरेला काळा करदोडा होता. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलात सोडायला लावलेला, तोच परत बांधलेला. नळी त्यात खोसून वरून गाठ आवळलेली. तिथं ती चेपून पार चपटी झाली होती.

"आत्या, हे तुम्ही बांधलं?"

नातवासाठी करमाडहून आलेल्या तिच्या सासूबाई, दगडाबाई, दारातून पुढे आल्या.

"व्हय. नळी लोंबत व्हती, पोरगं हात घालीत व्हतं. तूच म्हणली ना, वढू द्यायची नाय. आन बिनकरदोड्याचं लेकरू लई नजरंत भरतं."

मंजुषाने गाठीला नखं लावली. गाठ सुटेना. नळीला हिसका बसला तसा सत्यम किंचाळला. तिने हात मागे घेतला आणि कपाटातून कात्री काढली.

दगडाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"कात्री नको. करदोडा मेल्यावर तोडतेत, बाई. जित्या लेकराचा नाय."

एरवी मंजुषाने असलं बोलणं हसण्यावारी नेलं असतं. आत्ता तिला भीती वाटली, सरळसरळ भीती. कात्री उघडी राहिली आणि हात पुढे जाईना.

"मम्मी, शू."

दगडाबाईंनी तिच्या हातातून कात्री काढून घेतली.

"सर बाजूला. तू माय हायेस त्याची. तुझा हात नको."

त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी दोरा कापला.

नळीतून पिवळी रेघ सरकली, पिशवीत उतरू लागली. सत्यमने हळूहळू पाय लांब केले, डोळे मिटले. पण दोघींपैकी कुणाचाच जीव भांड्यात पडला नाही. दोघी नुसत्या पट्टीकडे बघत राहिल्या.

दगडाबाईंनी पट्टीला खालून बोट लावलं. पदराला पुसलं. परत लावलं.

"वली लागती का गं? माझाच हात घामानं भिजलाय, मला कळंना. तू बघ."

मंजुषाने हात पुढे केला. तिचाही हात ओलाच होता.